मुंग्यांची वाट आणि सरड्याची शाबासकी

एका जंगलात, जिथे घाई अजून पोचली नव्हती, एका पळसाच्या बुंध्याशी मुंग्यांचं वारूळ होतं.

मुलांनो, मुंग्या तुम्ही पाहिल्या आहेत. ओट्यावर साखर सांडली की आई आधी तुम्हाला बोलते आणि मग मुंग्यांना. पण पुढच्या वेळी त्या आल्या की एक गोष्ट नीट बघा. जाणारी मुंगी आणि येणारी मुंगी समोरासमोर आल्या की थांबतात. डोक्याला डोकं लावतात. मग आपापल्या वाटेने जातात. पुढची भेटली की पुन्हा तेच. एकीलाही टाळत नाहीत.

त्या काय बोलतात ते मी सांगते.

घराकडे येणारी विचारते, "घरचं बरं?"

"बरं आहे. तू सावकाश ये," घरून निघालेली सांगते. मग ती विचारते, "मोह अजून लांब आहे का गं?"

"छे. ते काय, त्या दगडापलीकडे."

मोहाचं झाड दगडापलीकडे नसे. दगडापलीकडे आणखी एक दगड असे, त्याच्यापलीकडे वाळलेला ओढा, आणि ओढ्यापलीकडे पुन्हा दगडच. जायला अख्खा दिवस लागे, यायला अख्खा दिवस. हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण येताना सगळ्यांनी तेच सांगितलेलं असे. तरी ऐकलं की पायात बळ यायचं. खोटं बोलू नये असं तुम्हाला शाळेत शिकवतात, ते बरोबरच आहे. पण शिकवणारे कधी तेवढं चाललेले नसावेत.

या मुंग्यांत एक सगुणा होती. मोहाची फुलं फोडून त्यांचे कण घरी आणायचं तिचं काम. घरी तिची आई होती आणि आईजवळ एक कोश होता. कोशात सगुणाची धाकटी बहीण होती. (मुंग्यांची आई कोण, याबद्दल शास्त्राच्या पुस्तकात वेगळं लिहिलंय. ते परीक्षेत लिहा. इथे आपण गोष्ट सांगतोय.)

सगुणा घरून निघाली की तिचा जीव मागे राही. वाटेत घरून निघालेली कुणीही भेटली की ती विचारे, "आमचा कोश फुटला का?"

सगळ्या वाटेला तो प्रश्न पाठ झाला होता.

"नाही फुटला, बाई," भागामावशी म्हणायची. ही त्या वाटेवरची सर्वांत जुनी मुंगी. "फुटला की मी डोकं लावायच्या आधीच लांबून सांगेन. आणि तू घरी पोचेपर्यंत फुटलाच, तर तिला सांगेन, थांब गं, मोठी येतेय. आत जा परत."

सगुणा हसायची आणि पुढे चालू लागायची. घराची आठवण तिला फार यायची, पण रोज चार तोंडांनी घर तिला भेटायला यायचं. त्यामुळे निभत होतं.

मग जंगलात नाकतोडा आला.

तो तीन जंगलं पाहून आला होता. उडत उडत पाहिल्यामुळे त्याची ती लवकर पाहून झाली होती. गवताच्या पात्यावर बसून त्याने मुंग्यांची वाट न्याहाळली, आणि त्याला फार वाईट वाटलं.

तो राणीकडे गेला. "राणीसाहेब, तुमच्या मुंग्या चालतात कमी आणि थांबतात जास्त."

"थांबून काय करतात?"

"बोलतात."

"काय बोलतात?"

"घरचं बरं का, म्हणतात. आणि दुसरी बरं आहे म्हणते. तेच पुढच्या पावलाला पुन्हा. एकदा बरं आहे म्हटल्यावर पुन्हा कशाला विचारायचं?"

राणी वारुळाबाहेर कधी आलेली नव्हती, त्यामुळे बाहेरचे निर्णय ती पटकन घ्यायची. तिने नाकतोड्याला वाटेचा प्रमुख केलं. सगळे त्याला साहेब म्हणू लागले.

साहेबांनी वाटेच्या मधोमध काटक्या टाकून घेतल्या, टोकाला टोक लावून, पार मोहापर्यंत. काटकीच्या या बाजूने जाणाऱ्या. त्या बाजूने येणाऱ्या. आता समोरून कुणी येईना. पुढचीची पाठ तेवढी दिसे.

दुसरा नियम घराबद्दल होता. वारुळाच्या दाराशी एक पांढरा खडा होता. कण खड्यापाशी ठेवायचा आणि तसंच वळून जायच्या वाटेला लागायचं. आत जायचं नाही. कण आत न्यायला आतल्या मुंग्या आहेत. घरात गेलं की पाय निघत नाही, हे साहेबांनी बरोबर ओळखलं होतं. त्यांना स्वतःचं घर नव्हतं, पण अभ्यास होता.

आणि खरं सांगायचं तर वेग वाढला. खड्यापाशी कणांचा ढीग पडू लागला. राणीने आतून निरोप पाठवला, उत्तम.

सगुणा आता दर फेरीला घराच्या दारापर्यंत येऊन परत जाऊ लागली. दार दिसायचं. आतला ओलसर वास यायचा. मागची म्हणायची, "सरक गं," आणि ती सरकायची.

काही दिवसांनी एक विचित्र गोष्ट झाली. धडधाकट मुंग्या वाटेत मधेच बसू लागल्या. पाय दुखत नव्हते, ओझं जड नव्हतं. नुसत्याच बसायच्या.

"काय होतंय?" साहेबांनी एकीला विचारलं.

"काही नाही. मोह किती लांब आहे ते कळत नाही."

"पूर्वी तरी कुठे कळत होतं?"

"पूर्वीही कळत नव्हतं," ती म्हणाली, "पण कुणीतरी सांगत होतं."

साहेबांनी पुन्हा अभ्यास केला. मुंग्यांना प्रोत्साहन कमी पडतंय, असं निघालं. तेव्हा त्यांनी त्या कामावर सरड्याची नेमणूक केली.

सरड्याइतकी मान हलवणारं जंगलात दुसरं कोण आहे? त्याला जायच्या वाटेवर एका उन्हातल्या दगडावर बसवलं. खालून मुंगी गेली की तो मान हलवायचा आणि म्हणायचा, "वा, फार छान. चालू द्या." दुसरी गेली की, "वा, फार छान. चालू द्या." मधेच वाऱ्याने एखादं वाळकं पान सरकलं तर त्यालाही म्हणायचा. आपल्यावर कुणाचं तरी लक्ष आहे, असं मुंग्यांना वाटू लागलं. लक्ष होतंच. सरड्याचं मानधन काही ठरलेलं नव्हतं. ते तो आपलं आपण उचलायचा, जिभेने.

पूर्वी असा कुणी दगडावर बसला असता तर पहिल्याच भेटीत बातमी फुटली असती. आता पुढचीला मागचं दिसत नव्हतं, आणि मागची मान खाली घालून चालत होती. एके दिवशी भागामावशी दिसेनाशी झाली. ती पुढे असेल, असं मागच्यांना वाटलं. पुढच्यांना वाटलं, मागे असेल.

अशातच एका सकाळी रानडुक्कर कंद शोधत पळसाखाली आलं. त्याने बुंध्याची सगळी माती उकरली. घरातल्यांनी कोश तोंडात धरले आणि मिळेल त्या वाटेने टेकाडावर गेल्या. तिथे करवंदाच्या जाळीखाली त्यांनी नवं घर मांडायला घेतलं. पडझड आवरेपर्यंत कुणालाच बाहेर पडता आलं नाही.

खाली वाट चालू होती. पांढरा खडा जागेवर होता. येणाऱ्या मुंग्या खड्यापाशी कण ठेवत आणि मान वर न करता वळत. मोहाची गोड फुलं पायाशी आपोआप येऊन पडतात, हे पाहून रानडुकराने तिथेच मुक्काम केला. साहेबांच्या योजनेबद्दल जंगलात सर्वांत जास्त आदर त्यालाच होता.

टेकाडावर भूक लागली, तेव्हा राणीने नुकत्याच कोशातून निघालेल्या पोरींनाच वाटेवर धाडलं. मोठ्या घर बांधत होत्या, नाहीतर आधीच वाटेवर होत्या. त्या पोरी टेकाड उतरून जायच्या वाटेला मिळेल तिथे रांगेत शिरल्या.

सगुणाच्या पुढेही अशीच एक शिरली. नवीन, फिक्या रंगाची, आणि चालायला अगदी हळू. सारखी इकडेतिकडे बघत होती.

"पाय उचल गं," सगुणा म्हणाली आणि तिला मागून ढकललं.

"उचलते, काकू," पोर म्हणाली. मागे वळायची मनाई होती, म्हणून पुढे बघतच म्हणाली.

मोहापर्यंत सगुणा तिला ढकलत होती. मागून सगुणालाही कुणीतरी ढकलत होतं. सरड्याने दोघींना छान म्हटलं. त्याचं पोट तेव्हा भरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी कण घेऊन येताना पोर मागे पडली. सगुणा खड्यापाशी पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. तिने कण ठेवला. का कोण जाणे, हल्ली ओलसर वास येत नव्हता. तिला वाटलं, एकदाच आत डोकावू. कोश बघू आणि निघू. साहेबांना काय कळतंय?

ती खडा ओलांडून दोन पावलं आत गेली. आत नव्हतंच. तिथे खड्डा होता आणि खड्ड्यात रानडुक्कर आडवं होऊन चघळत होतं.

सगुणा धावत परत खड्यापाशी आली. मागची मुंगी कण ठेवत होती.

"अगं, घर नाहीये."

"खडा आहे ना?"

"खडा आहे."

"मग ठेव आणि चल. मागे रांग लागलीय."

सगुणा साहेबांकडे गेली. ते पात्यावर झोके घेत होते.

"साहेब, वारूळ जागेवर नाही."

"वाट जागेवर आहे?"

"आहे."

"मग तक्रार कशाची? माझ्याकडे वाट आहे, वारूळ नाही." मग त्यांना तिची दया आली. "तू दमलेली दिसतेस. असं कर, सरडेरावांकडे जाऊन ये. बरं वाटेल."

सगुणा सरडेरावांकडे गेली नाही. ती यायच्या वाटेवर गेली आणि उलटी चालू लागली.

पहिली मुंगी येऊन तिच्या डोक्यावर आपटली. "दिसत नाही का?"

"घर कुठे गेलं, ठाऊक आहे का गं?"

"घर गेलं?"

दुसरीही आपटली. तिलाही ठाऊक नव्हतं. तिसरीलाही. डोक्याला डोकं लावायची सवय मोडली होती, त्यामुळे लागत होतं. पण जी जी भेटली ती तिथेच थांबली. सगुणाच्या मागे वाट तुंबत गेली.

सगळ्यांच्या शेवटी ती फिकी पोर दिसली. आपल्याहून मोठा कण घेऊन धडपडत येत होती. सगुणा समोर उभी राहिली.

"बाई, तुम्ही उलट्या आलात," पोर म्हणाली.

"तू कालची ना? कुठून आलीस?"

"घरून."

"कुठल्या घरून? घर उकरलंय, मी बघून आले."

"ते जुनं. आम्ही टेकाडावर गेलो ना, करवंदाच्या जाळीखाली. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"कोण सांगणार?"

"आई म्हणाली, वाटेत सगळ्या भेटतात." पोरीने कण खाली ठेवला. "मलाही तिने एक निरोप दिलाय. सगुणा नावाची भेटेल, तिला सांग म्हणाली. मी कालपासून बघतेय. पण पुढे नुसती पाठ, आणि मागे ते ढकलणारं कुणीतरी. पाठीला कसं विचारायचं?"

ते ढकलणारं कुणीतरी एक पाऊल मागे सरकलं.

"काय निरोप आहे?"

"कोश फुटला म्हणून सांग."

"कुणाचा कोश?"

"माझा," पोर म्हणाली.

सगुणाने तिच्या डोक्याला डोकं लावलं. ते बराच वेळ तसंच राहिलं. मागे सगळी वाट उभी होती, पण कुणी "सरक गं" म्हटलं नाही.

मग सगुणाने विचारलं, "नवं घर लांब आहे का गं?"

पोरीने टेकाडाकडे पाहिलं. ते चांगलंच लांब होतं, आणि चढाचं होतं.

"छे," ती म्हणाली. "ते काय, त्या जाळीमागे."

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

राणीने नंतर नाकतोड्याला बोलावून विचारलं, की इतके दिवस कोठार रिकामं का होतं. तो म्हणाला, "माल वाटेत होता, राणीसाहेब. पण वाटेत फार वेगात होता." त्याला समारंभाने निरोप देण्यात आला. सध्या तो मधमाश्यांकडे आहे. पोळ्यावर परत आल्यावर त्या नाचून फुलांचा पत्ता सांगतात, त्यात फार वेळ जातो, असं त्याच्या लक्षात आलंय.

काटक्या मुंग्यांनी घरासाठी वापरल्या. सरडा अजून त्याच दगडावर बसून मान हलवतो. मुंग्यांनी वाट बदलली हे त्याच्या ध्यानात आलेलं नाही. वारा सुटला की वाळकी पानं जातात, त्यांना तो फार छान म्हणतो.

तात्पर्य : वाटेत भेटेल त्याच्याशी थांबून बोलत बसू नये. त्याने पुष्कळ वेळ वाचतो. हा वाचलेला वेळ जपून ठेवावा. पुढे घर शोधायला लागतो.