चंद्रीच्या जागी अस्वलीण

चैत्रात आमच्या चंद्री म्हशीची बदली जंगलात झाली आणि तिच्या जागी एक अस्वलीण हजर झाली.

बदल्या चैत्रातच होतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मागच्या खेपेला शेजारच्या इंदूचं मांजर गेलं आणि रानमांजर आलं. इंदूच्या लक्षातही आलं नाही, तशी ती वेंधळीच. पण चंद्री नुकतीच व्याली होती. हुकमात फक्त आईचं नाव होतं, म्हणून तिची रेडी गोठ्यातच राहिली. माझं डोकंच फिरलं.

अस्वलीण शिस्तीची होती, खोटं कशाला बोलू. आली ती सरळ चंद्रीच्या जागेवर उभी राहिली. पेंडीची पाटी तिनं हुंगून बाजूला सारली. मग गोठ्याच्या मेढीला लागलेली वाळवी लांब नखांनी उकरली, ओठांचा चंबू केला आणि सगळी फुर्रकन ओढून घेतली. आमचे मालक कधीपासून त्या वाळवीचं बघतो बघतो म्हणत होते! उन्हं चढली तशी ती झोपून गेली.

रेडी मात्र हंबरून हंबरून अर्धी झाली. बाटली दिली, तोंड फिरवलं. बोट दिलं, चोखेना. तिच्या बरगड्या दिसायला लागल्या तशी मी चपला घातल्या आणि तडक तालुक्याला, बदली कार्यालयात गेले.

"साहेब, म्हशीच्या जागी अस्वल? डोळे फुटले होते का तुमचे?"

देशिंगकर साहेब शांत माणूस. "अक्का, संवर्ग एकच आहे. दोघी काळ्या, दोघींच्या अंगावर केस, दोघी पिल्लांना दूध पाजणाऱ्या. चूक कुठं आहे?"

"अहो, एक पाळीव आणि एक रानातली!"

"तो मुक्कामाचा प्रश्न झाला. ती या जागेला अपात्र ठरली, तर बदली रद्द करू. तपासायला उद्या येतो."

मी निर्धास्त झाले. अस्वल कुठं म्हशीचं काम करणार?

साहेब आले, गोठ्यात उकिडवे बसले आणि विचारू लागले.

"रवंथ करते?"

"नाही."

"पाण्यात डुंबते? म्हशीला घाम फारसा येत नाही, तिला डुंबावं लागतं."

"ही दिवसभर घोरते."

साहेबांनी तिचा ओठ हळूच वर केला. "वरचे मधले दोन दात नाहीत. म्हशीला तर वर पुढचे दातच नसतात. हे चालण्यासारखं आहे."

तेवढ्यात रेडी लटपटत उठली आणि अस्वलिणीच्या केसांत तोंड खुपसून लुचू लागली. अस्वलीण हलली नाही. उलट पाय जरा बाजूला केला.

रेडीला ओढून काढावं, असं माझ्या मनात आलं. ही पाजते असं ठरलं की चंद्री कायमची गेली. पण रेडीच्या ओठांवर दुधाचा फेस आला होता. कुठल्या तोंडानं ओढू? रेडीचं पोट भरल्यावर अस्वलीण खाली वाकली, रेडी तिच्या पाठीवर चढली आणि केसांत नाक घालून झोपली.

"मुख्य कर्तव्य पार पाडते," साहेब म्हणाले. "पात्र."

रेडी वाचली म्हणून हसू आणि चंद्री गेली म्हणून रडू, दोन्ही एकदम आलं. पदरानं डोळे पुसता पुसता डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"साहेब, हिला पान्हा आहे. म्हणजे हिची पोरं रानात आहेत!"

"आहेत ना. दोन आहेत. हुकमात फक्त आईचं नाव होतं."

"मग त्यांना कोण पाजतं?"

"चंद्री. परवाच तपासून आलो. दोघांना पाठीवर घेऊन डबक्यात बसली होती. तीही पात्र आहे."

"मग करा की आपसी बदली! मास्तरांच्या होतात, यांची का नाही?"

साहेबांनी पिशवीतून नियमांचं पुस्तक काढलं आणि पानं चाळू लागले. माझा जीव टांगणीला.

"करता येईल," ते म्हणाले. "दोघी पात्र आहेत म्हणून. अपात्र असत्या तर कठीण होतं. पण संमती लागेल. चंद्रीला तिथं विचारीन, हिला आत्ताच विचारा."

मी अस्वलिणीच्या कानाशी बसले. "बाई गं, उपकार झाले तुझे. आता तुझ्या पोरांकडे जातेस का?"

तिनं रेडीला अलगद गवतावर उतरवलं, अंग झाडलं आणि भर उन्हात डोंगराकडे चालू लागली. एकदाही मागं पाहिलं नाही.

"संमती आहे," साहेब म्हणाले आणि तिच्या मागोमाग निघाले.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला चंद्री आली. बाई गं, छातीवरचा धोंडाच उतरला! मी तिच्या गळ्यात पडून मनसोक्त रडले. रेडीनं आधी लांबूनच हुंगलं, मग शेपूट उडवत धावली आणि ढुसण्या देत पोटभर प्याली.

पिऊन झाल्यावर तिनं पुढचे दोन्ही पाय चंद्रीच्या कुशीवर टेकवले.

"अगं ए, वेडे," मी म्हटलं, "म्हशी पोरांना पाठीवर घेत नसतात."

चंद्रीनं माझ्याकडे पाहिलं. मग गुडघे मोडून खाली बसली, रेडी चढून नीट होईपर्यंत थांबली आणि तिला घेऊन हौदाकडे निघाली. मी बादली उचलली आणि त्यांच्या मागोमाग गेले.