भाविकाचं मरण आणि कंपनीचा पडदा

माझी नात भाविका नाटकात मरायची तेव्हा खरोखर मरायची, आणि पडदा पडला की उठून बसायची.

आमच्या झाडीपट्टीत हंगामभर नाटकं चालतात, आणि शेषराव नाकाड्यांच्या कंपनीत शेवटच्या अंकात एखादं लेकरू दगावतंच. भाविकाला शेषरावनंच शिकवलं. हात खाटेवरून आपोआप घसरला पाहिजे. श्वास रोखायचा नाही, सोडून द्यायचा. दुसऱ्या हंगामात तिला जमलं. आईचं काम करणारी बाई आधी घाबरली, मग तिचंही रडणं सुधारलं.

पुढं सिनेमावाले आले, त्यांनी भाविकाला मोठी भूमिका दिली. पहिल्याच दिवशी मरणाचा सीन. डायरेक्टर "कट" म्हणाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, भाविका काही उठली नाही. डॉक्टरनं नाडी पाहून मान हलवली.

मॅनेजर म्हणाला, "आजी, पोलिसांना कळवावं लागेल."

"कशाला जी? पडदा पाडा."

"शूटिंगला पडदा नसतो."

हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. चादर पाडून पाहिली, ताडपत्री पाडली, माझं लुगडंही पाडलं. पोरगी फसली नाही. शेवटी शेषरावला फोन लावला.

"पडदा पाठवतो काकू," तो म्हणाला, "पण आज आमचाही प्रयोग आहे. लगेच परत पाहिजे."

मी सडकेपर्यंत जायची, परत यायची, भाविकाचे पाय चोळायची. इतका वेळ ती कधी गेली नव्हती.

मॅनेजर मागं मागं फिरत होता. "लेकराकडून ठरावीक तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. हा वेळ कामात धरायचा की विश्रांतीत?"

"तुमच्यासाठीच मेली ना? कामात धरा."

"तोवर तिरडीचा सीन उरकू या?" डायरेक्टरनं विचारलं.

"उरका. तोंडावर ऊन येऊ देऊ नका."

पाय पार गार पडले तेव्हा कंपनीची गाडी आली. ड्रायव्हर हिवराजनं दोन मोहाच्या झाडांमध्ये पडदा बांधला आणि दोरी सोडली. धूळ उडाली. भाविका उठून बसली.

"आजी, लय दूर गेली होती मी. वापस यायची वाटच दिसे ना."

मी तिला पोटाशी धरलं. डायरेक्टर आपल्या टीव्हीत पाहत म्हणाला, "मरताना मागं शेळी आली आहे. एकदा परत घेऊ."

"नाही जी," मी म्हटलं.

"आजी, सिनेमात माझ्याऐवजी लोक शेळीच पाहतील ना," भाविका म्हणाली. माझा हात सोडवून ती खाटेवर आडवी झाली, आणि गेलीसुद्धा.

हिवराजनं तोवर पडद्याची घडी घालून गाडी सुरू केली होती. घडी अजून खाली जमिनीवरच होती. मी जाऊन त्या घडीवर बसले.

"उठा ना मावशी, प्रयोगाला उशीर होते."

"पोरगी उठली की उठते," मी म्हटलं.