मार्गो पाताळात गेली

"यंदा माझी सातवीची मुलं ग्रीक पुराणं वाचणार नाहीत, जगणार आहेत!" हॉलनबेकबाईंनी शिक्षकांच्या खोलीत जाहीरच करून टाकलं.

खरं कारण वेगळं होतं. अमेरिकेत, आयोवातल्या त्या शाळेत वर्षानुवर्षं भाषा शिकवून बाईंचा आवाज खरवडलेल्या पातेल्यासारखा झाला होता. मुलांनी नाटक करावं, आपण खुर्चीत बसून बघावं, एवढाच बेत.

गोष्टही सोपी निवडली. पाताळाचा राजा हेडीस पर्सेफोनीला लग्नासाठी पळवून नेतो, आणि तिची आई, धान्याची देवी, रडून रडून सगळी शेतं वाळवते.

तालमीत हेडीस झालेल्या ब्रॅमनं पर्सेफोनी झालेल्या मार्गोला ओढत नेलं ते थेट तळघरातल्या बॉयलरच्या खोलीत! शिवाय येताना दारही लोटून आला. कुलूप आपोआप लागलं. किल्ली कुणाकडे, ते एकाही ग्रीक देवाला ठाऊक नव्हतं!

बाई किल्ली शोधायला धावल्या. इकडे देवांचा निरोप्या झालेली ट्वायला ऑफिसात पोचली. तिथल्या प्रुइटबाई नोकरीला नव्याच लागलेल्या.

"मार्गोला हेडीसनं पळवलं!"

"अगं, कोण हेडीस?"

"म्हातारा आहे. काळा झगा घालतो. तिच्याशी लग्न करणार आहे!"

प्रुइटबाईंनी एक फोन पोलिसांना केला, दुसरा मार्गोच्या आईला.

आई पार्लरातून उठून तशीच आली. केसांत रंगाचे चंदेरी कागद अडकलेले, धावताना ख्रिसमसच्या झाडासारखी लखलखत होती!

"कुठंय तो म्हातारा?"

"म्हातारा नाही हो, आमचा ब्रॅम! सातवीतलाच आहे!" किल्लीविनाच परतलेल्या हॉलनबेकबाई म्हणाल्या.

"सातवीत? आणि लग्न?"

बाईंनी समजावता समजावता घसा कोरडा केला. मग आईचा आवाज एकदम फुटला. "सकाळी भांडून गेली हो माझ्याशी. डबासुद्धा नेला नाही!"

बाईंना आपली खुर्ची आठवली आणि लाजल्यासारखं झालं.

पोलिसांनी दार तोडलं. आत मार्गो उबेला बसून मजेत चिप्स खात होती. आईनं तिला कवटाळलं.

"आई, एवढ्यात नाही! आधी शेतं वाळायचीयत!" मार्गो ओरडली. पण तिनंही आईचा कोट काही सोडला नाही. दोघी तशाच उभ्या राहिल्या. हवालदारानं उगाच टोपी काढून पुसली.

आता मुख्याध्यापक ऑस्ट्रँडर आपल्याला घरी बसवणार, हे बाईंनी मनाशी धरलंच होतं. खरं सांगायचं तर घरी बसण्याच्या कल्पनेनं त्यांना जरा बरंच वाटलं.

ऑस्ट्रँडर आले ते गावच्या वर्तमानपत्राच्या फोटोवाल्याला बरोबर घेऊनच. चेहरा फुललेला!

"हॉलनबेकबाई, कमाल केलीत! असं जिवंत शिकवणं मी पाहिलं नव्हतं. सोमवारपासून ट्रॉयचं युद्ध घ्या. सैनिक पोटात लपतात ना, तो लाकडी घोडा सुतारकामाच्या वर्गानं करायला घेतलासुद्धा! अख्खा वर्ग आत मावेल म्हणतात!"

बाई तिथंच पायरीवर मटकन बसल्या.