गाडीतला तारपा

"हा कोन वाजवतो रे?" मंगळूबाबांनी पुढच्या सीटवरून विचारलं, आणि गोकुळ गुरुजी गडबडले. कारण गाडीची चारी दारं उघडी टाकून त्यांनी नुकतंच खोडाळ्याच्या भर बाजारात जाहीर केलं होतं, "ऐका! आमच्या बाबांचा तारपा!"

त्यासाठी तर त्यांनी जव्हारला कांतीलालशेठच्या दुकानातून गाडीत स्टिरिओ बसवून घेतला होता. डिकीत एवढा मोठा स्पीकर आला, की जादा चाकाला घरी ओट्यावर राहावं लागलं.

आता तारपा म्हणजे दुधी भोपळ्याचं लांब फुंकवाद्य, आणि तारपेवाल्याची सगळी अब्रू श्वासात असते. गालात हवा धरायची, नाकानं श्वास घेत राहायचं, पण सूर तुटू द्यायचा नाही. सूर तुटला की गोल धरून नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. मंगळूबाबांचा सूर तुटलेला आजवर कुणी ऐकला नव्हता. त्या दिवशी बाजारानं ऐकला. स्टिरिओतला तारपा थोडा चाले, मटकन बसे, खोकल्यासारखं करी आणि पुन्हा उठे.

पलीकडच्या पाड्याचा तारपेवाला सोम्या सुकट निवडत होता. तो सुकट सोडून आला. "मंगळू, दम लागतो का आता? वय झालं, नाय का?"

"हा मी नाय!"

"तुझाच पोरगा सांगतो ना, तूच हायेस म्हणून. मास्तर खोटं बोलंल का?"

भात झोडून झालं की गावदेवीपुढं रात्रभर नाच असतो. तिथं तारपा कुणी वाजवायचा हे गोजाबाईंच्या शब्दावर ठरे, कारण नाचात पहिलं पाऊल त्यांचं. गोजाबाईंनी गाडीपाशी उभ्या राहून शेवटपर्यंत ऐकलं आणि निकाल दिला, "यंदा सोम्याला सांगू. मंगळूला जरा आराम पडंल."

घरी येताच मंगळूबाबांनी तारपा आढ्याला टांगला आणि सुनेला म्हणाले, "हर्षाली, तुझ्या नवऱ्याला सांग, मी त्याच्याशी बोलत नाय." नवरा शेजारीच उभा होता.

दुसऱ्या दिवशी गुरुजी भडकलेल्या डोक्यानं जव्हारला पोचले. "काढा हा स्पीकर! आत्ताच्या आत्ता!"

"मास्तर, आधी चहा घ्या," कांतीलालशेठ म्हणाले.

"चहा गेला खड्ड्यात! तुमच्या स्पीकरनं माझ्या बापाची अब्रू गेली!"

"ह्या स्पीकरनं लोकांच्या घरांच्या काचा गेल्यात. अब्रूची तक्रार पहिलीच आहे."

शेठजींच्या मुलानं, सौरभनं, गाडीतला पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला आणि तो हसला. "गुरुजी, ही फाइल केवढीशी! माझी रिंगटोन हिच्यापेक्षा मोठी आहे. कुणीतरी दाबून दाबून हिचा जीव घेतलाय. मूळ रेकॉर्डिंग कुठंय?"

मूळ रेकॉर्डिंग कुठंच नव्हतं. शाळेतल्या खिचडीचे फोटो रोज वर पाठवायचे असतात. फोन भरला, आणि खिचडीला जागा करण्यासाठी गुरुजींनी त्यातलं बाबांच्या तारप्याचं रेकॉर्डिंग स्वतःच्या हातानं पुसलं होतं. हे आठवल्यावर त्यांना आणखी राग आला आणि त्यांनी बायकोला फोन लावला.

"मी काय केलं?" हर्षाली म्हणाली. "तुम्ही पाठवलं ते स्टेटसला ठेवलं. स्टेटसवरून उमेशनं घेतलं. त्याला विचारा."

उमेश म्हणजे मेहुणा. तो खुशीत होता. "दाजी, झकास झालं ना? त्यात मागं सारखा पंख्यासारखा आवाज होता, घूंऽऽ करून. तो मी अ‍ॅपमधून काढून टाकला. मग सगळी गाणी एका पेनड्राइव्हवर बसंनात, म्हणून जरा जरा दाबली. थँक्यू नको, घरचंच काम आहे."

"गाढवा! तो घूंऽऽ म्हणजेच तारपा!"

उमेशनं विचारलं, "मग दाजी, बाकीचं काय होतं?"

ही हकीकत हर्षालीमार्फत बाबांच्या कानावर घालण्यात आली. बाबा बाजेवरून ताडकन उठले.

"माझा दम दाबला? कोनी, उमेशनं? ज्याच्या हळदीला मी पहाटपर्यंत वाजवला, त्यानं?" रागाच्या भरात ते मुलाशी बोलत नाहीत हेच विसरले. "मांड तुझं यंत्र!"

शाळेच्या व्हरांड्यात पुन्हा रेकॉर्डिंग झालं. सौरभनं बजावलं होतं, की काही काढू नका, काही दाबू नका, आहे तसं घ्या. गुरुजींनी आहे तसं घेतलं. फाइल एवढी लठ्ठ झाली, की पेनड्राइव्हवर चढेस्तोवर हर्षालीच्या भाकऱ्या थापून झाल्या.

पुढच्या बाजाराला गाडी पुन्हा त्याच जागी उभी राहिली. मागच्या काचांना हर्षालीनं उन्हाचे पडदे लावले होते. त्यांच्या आड बाबा तारपा मांडीवर आडवा धरून बसले होते. स्टिरिओच्या डब्यावर त्यांचा भरवसा उरला नव्हता. गुरुजींनी पुढची दारं उघडली, गर्दी जमवली, बटण दाबलं. स्टिरिओच्या पडद्यावर अक्षरं आली: ही फाइल चालणार नाही. त्या सेटला दाबलेलीच गाणी पचत होती.

"आज तर सुरूच होत नाय," सोम्या म्हणाला. "मंगळू पार गेला म्हणायचा."

गुरुजींनी सेटला एक बुक्की घातली. तेवढ्यात मागच्या काचेच्या पडद्याआडून बाबांचा दबका आवाज आला, "अब्रू ह्याच डब्यातून गेली, ह्याच डब्यातून येईल. तू नुसतं दाबल्यासारखं कर." आणि तारपा घुमला.

बाजार थांबला. सूर सुरू झाला तो तुटेचना. गोजाबाईंच्या हातात मिरच्यांची पिशवी होती. पाय आपोआप हलू लागले. पोरं गुरुजींना विचारू लागली, "कुठून बसवला हो हा स्टिरिओ?"

सोम्यानं कान टवकारले. "हं! मशीन हाय ते. मानसाला एवढा दम नसतो."

"मग यंदा देवीपुढं ही गाडीच उभी करा," गोजाबाई म्हणाल्या. "गाडी थकत नाय, ताडी मागत नाय."

मागचं दार लाथेनं उघडलं. मंगळूबाबा तारपा फुंकतच बाहेर आले. डोळे लाल, मिशा थरथरत होत्या. सांगायचं पुष्कळ होतं, पण तोंड उघडलं तर सूर तुटणार. म्हणून त्यांनी शिव्याही तारप्यातच फुंकल्या.

"अगो, मंगळू पन डब्याच्या संगं वाजवतो!" गोजाबाई कौतुकानं म्हणाल्या.

"अहो, तेच वाजवतायत!" गुरुजी ओरडले. "स्टिरिओ वाजतच नाहीये!"

"वाजत नाय, मग आम्ही ऐकतो काय?"

गुरुजी घसा फोडून समजावत राहिले. ऐकायला कुणी उरलंच नव्हतं. बाबांभोवती गोल धरला गेला होता, आणि पुढं गोजाबाई. शेवटी सोम्याही त्यात शिरला. एक फेरा झाल्यावर तोच गुरुजींवर खेकसला, "एवढा मानूस समोर वाजवतो, आनि तुमच्या डब्याची मधेमधे कटकट! बंद करा तो आधी!"

गुरुजी तरातरा निघाले. मग गाडीत वाकून, दात-ओठ खात, त्यांनी स्टिरिओची वायरच उपटून काढली.

सोम्यानं नाचता नाचता डोळे मिटले. "हां! आता कसा साफ ऐकू येतो! गोजाबाई, देवीपुढं मंगळूच पाहिजे. ह्याची सर त्या डब्याला नाय."