कलेक्टरिणीची जप्ती

न्याय मिळणे आणि पैसे मिळणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे ज्याला दावा जिंकल्यावर कळते त्याला पक्षकार म्हणतात. ज्याला आधीच कळते तो दावा लावत नाही, त्यामुळे अशा शहाण्या लोकांची आकडेवारी उपलब्ध नाही.

शाहूपुरीतल्या सम्मेद मगदूम यांची मात्र उपलब्ध आहे. सम्मेद यांचे पशुखाद्याचे दुकान आहे. त्या दुकानातून शुक्रवार पेठेतल्या हंबीरराव इंगवले यांनी आपल्या म्हशीसाठी चार वर्षे सरकी पेंड नेली आणि एक लाख चौऱ्याऐंशी हजार सहाशे रुपये दिले नाहीत. बुडवले असे म्हणता येणार नाही. मागायला गेले की ते प्रेमाने विचारत, "सम्मेदअण्णा, मी काय पळून चाललोय काय?" आणि खरोखरच ते कुठेही पळून गेले नाहीत. पुढे साडेपाच वर्षे दावा चालला तेव्हा कोर्टात सगळ्यात नियमित हजेरी त्यांचीच होती. (सम्मेद यांचे वकील सव्वीस वेळा गैरहजर होते, न्यायाधीश चार वेळा बदलले.)

रक्कम काही राजवाडा विकायला लावणारी नव्हती. पण ही उधारी दिली होती सम्मेद यांच्या वडिलांनी. कल्लाप्पा मगदूम, वय वर्षे एक्क्याऐंशी. "माणूस चांगला हाय" एवढ्या तारणावर त्यांनी पेंड दिली होती. पैसे अडकले तेव्हा आप्पांनी देवासमोर सांगून टाकले, की जैनांच्या सम्मेद शिखरजी या डोंगरावरच्या तीर्थाला जाईन तर याच पैशाने जाईन. सम्मेद यांनी तीनदा गल्ल्यातून रेल्वेची तिकिटे काढली, तिन्ही वेळा आप्पांनी रद्द करायला लावली.

"तुज्या पैशानं गेलो तर माजी चूक हाय तशीच ऱ्हातीया की," आप्पा म्हणत. "पोराचं नाव सम्मेद ठिवलं. डोंगर काय अजून बगाय मिळाला न्हाय."

डोंगर मोठा, चढ मोठा, आणि गुडघे पुढची तारीख देत नाहीत. म्हणून निकाल लागला त्या दिवशी मगदूमांच्या घरात खरोखरचा आनंद झाला. पेढे वाटले. गल्लीतल्या मंडळाने चौकात फ्लेक्स लावला: 'सत्याचा विजय! सम्मेदअण्णा मगदूम यांचे हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुकांचे अकरा फोटो होते. त्यात गॉगल घातलेला चौथा फोटो हंबीररावांचा होता.

दावा जिंकलेल्या माणसाला कायद्यात हुकूमनामाधारक म्हणतात. या शब्दातला 'धारक' महत्त्वाचा आहे. कोर्ट हुकूमनामा देते. तो धरून उभे राहण्याचे काम धारकाचे. पैसे हवे असतील तर वेगळी दरखास्त दाखल करावी लागते, आणि ऋणकोकडे काय काय आहे हे धारकानेच शोधून कोर्टाला सांगावे लागते. सम्मेद यांनी शोधले. हंबीररावांचा दुमजली बंगला बायकोच्या नावावर होता. बुलेट मेहुण्याच्या नावावर, बोलेरो फायनान्स कंपनीच्या नावावर, आणि प्लॉट अशा एका मावशीच्या नावावर, जी मावशी कुणीच पाहिलेली नव्हती. घरातली भांडी, अंथरुणे, अंगावरचे कपडे आणि बायकोचे मंगळसूत्र यांना कायदा हात लावू देत नाही. एकूण पाहता हंबीरराव हे या शहरातले सर्वांत निर्धन गृहस्थ होते आणि गॉगल घालून ती निर्धनता सोसत होते.

त्यांच्या स्वतःच्या नावावर जगात एकच वस्तू होती. म्हैस. तिचे नाव कलेक्टरीण.

शेतकऱ्याचे जनावर सहसा जप्तीतून सुटते, पण हंबीरराव शेतकरी नव्हते. ते हौशी होते. दिवाळीच्या पाडव्याला कलेक्टरीण शिंगांना रंग, गळ्यात घुंगरू आणि पाठीवर मालकाचे नाव अशा थाटात मोटरसायकलमागून पळत असे, आणि ती कुणाची आहे याबद्दल साऱ्या पेठेत दुमत नव्हते. बंगला बायकोच्या नावावर करताना ज्या माणसाने दोनदा विचार केला नाही, त्याला म्हैस दुसऱ्याच्या नावावर करणे जमले नव्हते. सम्मेद यांचे वकील मृत्युंजय हिरेमठ यांनी हा मुद्दा बरोबर हेरला.

जप्तीच्या दिवशी बेलीफ गुंडूराव आले. नियमानुसार त्यांना नेण्या-आणण्याची रिक्षा सम्मेद यांनी केली, भत्ता सम्मेद यांनी भरला, टेम्पो सम्मेद यांनी सांगितला आणि पंच सम्मेद यांनी गोळा केले. चहा तेवढा हंबीररावांनी पाजला. पंचनाम्यात 'कलेक्टरीण हिला राहत्या गोठ्यात जप्त केले' असे वाक्य आल्यामुळे फाइल अकरा दिवस वरच्या टेबलावर अडली. 'सदर अधिकारी गोठ्यात का राहतात' असा लेखी खुलासा मागवण्यात आला होता.

जप्त म्हैस ठेवायची कुठे? कोर्टाला गोठा नाही. गुंडूरावांचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. तेव्हा जनावराची सवय असलेल्या जबाबदार इसमाकडे ती सांभाळायला द्यावी असे ठरले, आणि असा इसम तिथे एकच होता. हंबीररावांनी ताबेपावतीवर सही केली. जप्त जनावराच्या पोटाचा खर्च हुकूमनामाधारकाने करायचा असतो.

"काय खातीया?" गुंडूरावांनी पेन सरसावून विचारले.

"सरकी पेंड," हंबीरराव म्हणाले. "तीबी अण्णांच्याच दुकानातली. दुसरी तोंडात धरत न्हाय बगा."

अशा रीतीने त्या दिवसापासून सम्मेद यांच्या दुकानातून त्याच म्हशीला तीच पेंड त्याच गोठ्यात पुन्हा सुरू झाली. फरक एवढाच, की पूर्वी ती उधार जात होती आणि आता फुकट. वकीलसाहेबांच्या मते ही मोठी प्रगती होती, कारण पूर्वीच्या पुरवठ्याला कायद्याचा आधार नव्हता.

लिलावाची तारीख पडायला चौदा महिने लागले. म्हैस जप्त होती; दूध जप्त नव्हते. ते हंबीरराव विकत होते, आणि दोन लिटर मगदूमांकडेच येत होते. पैसे आगाऊ.

"मामंजींना दुसरं दूध चालतच न्हाय," सम्मेद यांच्या पत्नी राजमतीवहिनी त्यांना म्हणाल्या. "आणि हंबीररावांचं सांगणं हाय, धंद्यात उधारी न्हाय म्हणून."

लिलावाला सदतीस माणसे जमली. त्यातली सदतीस हंबीररावांना धीर द्यायला आली होती. गुंडूरावांनी तीनदा पुकारा केला. कुणी बोलेना. बाळासो नावाचे एक दूधवाले चांगल्या म्हशीच्या शोधात होते, त्यांना सम्मेद यांनी हळूच कोपराने ढोसले.

"न्हाय बा पावणं," बाळासो मोठ्याने म्हणाले. "म्हस न्हीन, पण परत ह्या गल्लीतनं कुठल्या तोंडानं जाऊ?"

शेवटी कोर्टाच्या परवानगीने सम्मेद यांनी स्वतःच बोली लावली. पंच्याण्णव हजार. ही रक्कम त्यांना त्यांच्याच येण्यातून वळती करून देण्यात आली, म्हणजे एका हाताचे पैसे दुसऱ्या हातालाही दिसले नाहीत. दरखास्तीवर शेरा पडला: 'अंशतः समाधान.' हा शब्दप्रयोग कायद्याचा आहे. राजमतीवहिनी तो लग्नापासून वापरत आहेत.

कलेक्टरीण शाहूपुरीत आली. दुकानामागच्या मोकळ्या जागेत, साठ पोती पेंडीच्या शेजारी तिला बांधले. तिने पेंडीकडे पाहिले, मग शुक्रवार पेठेच्या दिशेला तोंड केले आणि खाणे सोडले. पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटले, प्रवासाचा शीण. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले, तपासून म्हणाले, जनावर ठणठणीत आहे, रुसले आहे. (फी पाचशे, हुकूमनामाधारकाकडून.) तिसऱ्या दिवशी आप्पा तिच्यासमोर पाट टाकून बसले आणि त्यांनीही जेवण नाकारले.

"आप्पा, तुमी का उपाशी?" सम्मेद कळवळून म्हणाले.

"दारातलं जनावर उपाशी, आन् मी जेवू? बलव त्येला."

हंबीरराव आले. गॉगल नव्हता. दारातूनच त्यांनी "काय गं बाई" एवढे म्हटले, आणि कलेक्टरिणीने शाहूपुरी हादरेल असा हंबरडा फोडून पाटीभर पेंड संपवली. हंबीररावांनी डोळे पुसले. आप्पांनीही पुसले. सम्मेद यांनी पुसले, पण त्यांची कारणे वेगळी होती.

"घिऊन जा," आप्पा म्हणाले.

"आप्पा! पैसे? तुमची शिखरजी?"

"डोंगर हाय तितंच हाय. ही तीन दिसांत मेली आस्ती."

"फुकट नको आप्पा," हंबीरराव ताठ होऊन म्हणाले. "इकत घेतो. पंच्याण्णव हजार. पाडव्याला रोख दितो."

"कुठल्या पाडव्याला?" राजमतीवहिनींनी विचारले.

"आता पाडवा म्हंजे पाडवाच की, वहिनी."

या वेळी मात्र सम्मेद यांनी चूक केली नाही. हिरेमठ वकिलांनी पाचशेच्या स्टँप पेपरवर सगळे लिहून घेतले, दोन साक्षीदार घेतले, हंबीररावांचा अंगठाही घेतला आणि कागदावर फुंकर मारून समाधानाने म्हणाले, "आता आपली केस भक्कम झाली."

तेव्हापासून दोन पाडवे झाले. आप्पा रोज संध्याकाळी तगाद्याला म्हणून शाहूपुरीहून शुक्रवार पेठेत चालत जातात, म्हशीच्या पाठीवर हात फिरवतात, हंबीररावांकडून "पळून चाललोय काय आप्पा?" हे ऐकतात आणि चालत परत येतात. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांचे गुडघे दहा वर्षांनी तरुण झाले असून, पैसे मिळाले तर ते डोंगर डोलीशिवाय चढतील.

ही हकिकत मी आजवर तेवीस जणांना सांगितली. तेवीसही जण पोट धरून हसले. हसून झाल्यावर त्यातल्या आठ जणांनी हळूच वकिलांचा फोन नंबर मागितला. उरलेल्या पंधरा जणांनी हंबीररावांचा.

तुम्हाला कुठला पाठवू?