देविदासभाऊंचा दाणा

नवा माणूस डाळमिलच्या फाटकातून आत आला की देविदासभाऊ त्याचं नाव विचारत नाहीत. त्याच्या तळहातावर तुरीचा एक दाणा ठेवतात आणि म्हणतात, "चाव."

आमची मिल मंगरूळपीरच्या रस्त्यावर. भाऊ तिथले मुकादम, गाव केनवड. आलेली तूर ओली की सुकी, हे ते दाताखाली दाणा फोडून नुसत्या आवाजावरून सांगतात. मिलमध्ये हे दुसऱ्या कुणालाच येत नव्हतं. माणसांचीही त्यांनी प्रतवारी लावलेली. मशीनवाला म्हणजे 'फटका', पहिल्या नंबरची डाळ, त्याला जपायचं. हमाल दुसरा नंबर, "गेला तं दुसरा भेटते." मी चुरी, चाळणीखाली पडणारा तुकडा.

मी सावंतवाडीकडचा, सातवीत शाळा सोडलेला. काम पोती शिवायचं. एवढ्या लांब आपल्याला कुणी ठेवून घेतलं याचंच अप्रूप, त्यामुळे मालक नुसते खोकले तरी वाटायचं, आता जायला सांगणार.

या हंगामात पोती शिवायचं मशीन आलं. मालकांनी भाऊंकडून यादी मागवली: कोण कायम, कोण हंगामापुरता, कोण नको. मी पिशवी अर्धी भरूनही ठेवली.

त्याच आठवड्यापासून भाऊ मला रोज जेवणाआधी दहा दाणे चावायला लावू लागले.

"भाऊ, कायले छळता?" एवढी त्यांची बोली मी उचलली होती.

"चुरीले पॉलिश करून राह्यलो. बोलू नको, आवाज आयक."

स्वतः मात्र भाकरी वरणात बुडवून पार लगदा होईपर्यंत बसून राहायचे. मला वाटायचं, असते एकेकाची आवड.

यादी गेली आणि मालक स्वतःच आले. "भाऊ, या पोते शिवणाऱ्यापुढं 'कायम, दाणा पारखते' काहून लिहिलं?"

"पारखते म्हणून लिहिलं. पाहा इचारून."

मालकांनी नुकत्याच उतरलेल्या पोत्यातून दोन दाणे काढले. एक मला दिला, एक भाऊंना. मी चावला. कट् झालं नाही, दाणा नुसता दबला.

"ओली आहे, साहेब. दोन उन्हं लागतील."

मालकांनी भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी डोळे मिटून दाणा या गालातून त्या गालात नेला, सावकाश परत आणला.

"बरोबर सांगून राह्यला तो."

मालक गेल्यावर भाऊंनी तोंडातून दाणा काढला, सदऱ्याला पुसला आणि माझ्या तळहातावर ठेवला. अख्खा होता.

"दाढा हालून राह्यल्या," ते म्हणाले. "मालकाले सांगू नको. उद्यापासून माह्या बाजूले बसत जाय."