लेप वाळेपर्यंत

यशोदाबाईंनी नवऱ्याला तीनच गोष्टी सांगितल्या होत्या. रविवारी बाराच्या आत घरी यायचं, अंघोळ करून कोट-टोपी घालून ओसरीवर बसायचं, आणि पाहुणे उठून जाईपर्यंत मातीचं नाव काढायचं नाही. भाईदास पाटलांनी मान डोलावली. पण गेले चार महिने ते कुठल्याही विषयावर बोलू लागले तरी शेवटी मातीवर, उन्हावर नाहीतर दवावर येऊन थांबत, त्यामुळे त्या मान डोलावण्यावर यशोदाबाईंचा फारसा भरवसा नव्हता.

भाईदास धुळ्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत हेडक्लार्क होते. बावीस वर्षं घरून ऑफिसात आणि ऑफिसातून घरी, एवढीच त्यांची पायपीट. कापसाच्या गाठी गावोगाव गेल्या, भाईदास मात्र खुर्चीत बसून राहिले. शेवटी पोटानं बंड केलं. जेवलं की जळजळ, नाही जेवलं की चक्कर, आणि झोप म्हणाल तर ती फक्त ऑफिसात येई. तीन वैद्य झाले, दोन डॉक्टर झाले. तिसऱ्या डॉक्टरनं बाटली दिलीच नाही. उघड्यावर राहा, ऊन-वारा-झाडं यांच्याशी तुमची ओळख राहिलेली नाही, ती पुन्हा करून घ्या, एवढंच तो म्हणाला आणि पुढच्या रोग्याला हाक मारली.

दुसरा कुणी असता तर संध्याकाळी नदीकाठी एक फेरी मारून मोकळा झाला असता. भाईदास पडले हेडक्लार्क. त्यांनी डॉक्टरचं बोलणं वरून आलेल्या हुकुमासारखं मानलं, निसर्गोपचाराचं एक पुस्तक मागवलं आणि त्याची कलमवार अंमलबजावणी सुरू केली. पहाटे अनवाणी दवावर चालायचं, मग पाठीला ऊन द्यायचं, मग झाडाखाली बसून दीर्घ श्वास घ्यायचा, आणि दर रविवारी सर्वांगाला काळ्या मातीचा लेप. पहिला लेप त्यांनी घरच्या अंगणातच लावला. समोरच्या बेबाबाईंनी दार धाडकन लावून घेतलं आणि नंतर तेच दार फटीएवढं उघडून ठेवलं, तेव्हा यशोदाबाईंनी फर्मान काढलं की मातीत खेळायचं तर मळ्यात जाऊन खेळा.

मळा पांझरा नदीच्या काठी, गावापासून दीड कोसावर होता. आणि खोटं कशाला बोला, भाईदासांना गुण आला होता. जळजळ थांबली, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी पचू लागली, पाठ टेकताच डोळा लागू लागला. होला कुठल्या बाभळीवर बसतो आणि सातभाई कुठल्या बांधावर भांडतात हे त्यांना ठाऊक झालं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना सकाळ झाली याचा आनंद होऊ लागला होता. त्रास झाला तो इतरांना. ऑफिसात कुणी शिंकलं तरी भाईदास खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसत आणि दवापासून सुरुवात करत.

अशात कुंदाचं स्थळ जमत आलं होतं. दोंडाईच्याच्या पुना आबांचा मुलगा, शिकलेला, शाळेत मास्तर. कुंदानं त्याला मावशीकडच्या लग्नात पाहिलं होतं. तिला विचारलं तर "तुम्ही म्हणाल तसं" असं म्हणून ती आत गेली आणि अर्धा तास गुणगुणत भांडी घासत बसली. आधीच्या दोन स्थळांच्या वेळी तिनं भांडी आपटली होती. त्यामुळे हे स्थळ हातचं जाता कामा नये, हे आईला कळत होतं आणि बापालाही. अडचण एकच, पुना आबा. या माणसानं आजवर तीन मुली पाहून नाकारल्या होत्या, त्यातली एक म्हणे मुलीच्या बापाच्या बैलांच्या फासळ्या दिसत होत्या म्हणून.

रविवारी भाईदासांनी वेळ बरोबर बसवली होती. नऊला लेप, अकराला वाळला, नदीत अंघोळ, बाराला घर. पण थंडीचे दिवस, त्यात आभाळ भरून आलं. अकरा वाजले तरी माती ओलीच. लेप अर्धवट वाळलेला असताना धुतला तर रोग उलटतो, असं पुस्तकात ठळक अक्षरांत लिहिलं होतं. सालदार उखर्डू गाडीत वांगी भरून बाजाराला गेला होता. तेव्हा भाईदास लंगोटीवर, टाळूपासून टाचेपर्यंत काळे, कडुनिंबाखाली आभाळाकडे बघत बसून राहिले.

पाहुणे चार वाजता यायचे होते. पण पुना आबांची रीत निराळी होती. मुलीच्या घरी पाऊल टाकण्याआधी ते तिच्या बापाच्या मळ्यात जात आणि सालदाराला गाठत. घरचे लोक पाहुण्यांपुरतं गोड बोलतात. वर्षभर ज्याच्याकडून राबवून घेतलं तो गडी मात्र मालकाचं खरं काय ते सांगतो, असा त्यांचा अनुभव होता. म्हणून ते सकाळच्याच मोटारीनं निघाले, गावाबाहेर उतरले आणि पुतण्या वना याला बरोबर घेऊन, विचारत विचारत थेट कडुनिंबाखाली आले.

"राम राम. भाईदास पाटीलना मळा हाऊच का?"

"हाऊच," भाईदास म्हणाले.

"आम्ही दोंडाईचाथीन उनूत. तू सालदार शे ना?"

भाईदासांचे कपडे झोपडीत होते आणि झोपडी पाहुण्यांच्या पाठीमागे होती. मुलीचा बाप म्हणून ओळख करून द्यावी तर अंगावर चिखल आणि लंगोटी. त्यांच्या डोळ्यांसमोर कुंदाची ती गुणगुण आली आणि तोंडून निघून गेलं, "हा, आबा. मी उखर्डू."

अंगाला हा गारा कशाला फासलास, असं आबांनी विचारलं. मालकानं सांगितलं, औषध आहे, असं उत्तर मिळालं. आबांनी पुढे काही विचारलं नाही. उपरण्यानं बांध झटकून ते बसले आणि मालक कसा आहे या मूळ मुद्द्यावर आले.

बावीस वर्षं भाईदास दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे लिहीत आले होते. स्वतःवर शेरा लिहायची ही पहिलीच संधी. सुरुवात त्यांनी बेतानं केली. मालक निर्व्यसनी आहे, वेळेवर देतो. मग जीभ सैल सुटली. मालकाचा आवाज कधी चढत नाही, सणाला गड्याच्या ताटात आधी वाढतो, आजवर कुणाचं मन म्हणून दुखवलं नाही. बोलता बोलता भाईदासांना स्वतःविषयी इतका आदर वाटू लागला की त्यांनी एकदा झोपडीतल्या आपल्या कपड्यांच्या दिशेनं हातसुद्धा जोडले.

"आनी पोर कशी शे?" आबांनी विचारलं.

भाईदासांनी त्याच झोकात सांगायला घेतलं. सातवी पास आहे, पुरणाच्या मांड्यापासून सगळं करते. मग मालकाच्या आजारपणाचं निघालं. पोटदुखीनं मालक जागा असे तेव्हा ही पोर दिवसभर राबूनही त्याच्या पायाशी बसून राही, आणि झोप म्हटलं तर मला झोपच येत नाही म्हणे. डोळे तिचे मिटत असत. "ती गई ना आबा, ते घर..." एवढं म्हणून भाईदास थांबले. हे त्यांनी घरी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. बापानं असं बोलायची पद्धतही नव्हती. गालावरच्या काळ्या मातीतून पाण्याच्या दोन धारा खाली आल्या.

आबा त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले. "चाल वना, परतनी मोटर धरूत. हाऊ शिकाडेल गडी शे. मालकनी एक बी खोड सांगत नही. असा घरमा काहीतरी काळंबेरं ऱ्हास."

भाईदास चटकन उठले. "खोडी शेत ना आबा," ते धावत पुढे झाले, "बसा तं खरं. बठ्या खोडी शेत."

आणि त्यांनी सगळ्या खोडी सांगितल्या. मालक हट्टी आहे. बायकोचं एक ऐकत नाही. ऑफिसातली माणसं त्याला येताना पाहून कपाटामागे जातात. डॉक्टरनं एक सांगितलं तर यानं दहा केलं, आता उठता-बसता ऊन, वारा आणि माती, घरातल्यांना नकोसं करून सोडलं आहे. यातला शब्द न् शब्द यशोदाबाईंचा होता आणि आज प्रथमच भाईदासांना तो खरा वाटत होता.

आबा पुन्हा बसले. "आनी मातीघाई फरक पडस का?"

आता मातीनं फरक पडतो का, हा प्रश्न भाईदासांना कुणी विचारायला नको होता. निदान लंगोटीवर असताना तरी. आबांना दहा वर्षांचे आंबट ढेकर होते. ओव्याची पुडी खिशात असल्याशिवाय ते घराबाहेर पडत नसत. भाईदासांनी दवापासून सुरुवात केली. मोकळ्या हवेत भूक कशी लागते, सकाळचं ऊन पाठीवर घेतलं की अंग कसं हलकं होतं, झाडाखाली नुसतं तासभर बसलं तरी डोक्यातली किटकिट कशी निघून जाते. आबांनी आधी उपरणं बाजूला ठेवलं. मग अंगरखा. शेवटी डोक्यावरचं पागोटं उतरवून वनाकडे दिलं. वनानं ते झोपडीत नेऊन ठेवलं आणि आता इथं बराच वेळ लागणार हे ओळखून तो तिथल्याच खाटेवर आडवा झाला.

अर्ध्या तासात आबांच्या पोटावर, छातीवर, तोंडावर लेप चढला. बोलायचं नाही, हलायचं नाही, नाहीतर लेपाला भेगा पडतात, अशी ताकीद देऊन भाईदासांनी त्यांना आपल्या जागेवर बसवलं. पाठीला माती कमी पडली म्हणून ते पाटी घेऊन नदीवर गेले.

इकडे उखर्डूची गाडी बाजार आटोपून घरी पोचली होती. निघताना मालकांचा लेप ओलाच होता, हे त्याच्याकडून कळल्यावर यशोदाबाई त्याच गाडीत चढून बसल्या. मळ्यात पोचल्या तेव्हा एक वाजून गेला होता. कडुनिंबाखाली काळी पाठ दिसली.

"अहो, किती वाजले ते पाहिलंत का?" त्यांनी गाडीतून उतरता उतरताच सुरू केलं. "तिकडे पोरीनं सकाळपासून तीनदा पातळ बदललं आणि बाप इथं म्हशीसारखा बसलाय. तो दोंडाईच्याचा म्हातारा साधासुधा नाही. बैलाच्या फासळ्या मोजून पोरी नाकारणारा माणूस तो. त्यानं तुम्हाला असं पाहिलं तर काय राहील आपल्या पोरीचं? तिनं तोंडानं कधी सांगायचं नाही, पण तिचा जीव अडकलाय तिथं. उठता का? नाहीतर मीपण फासते माती आणि बसते शेजारी. होऊन जाऊ दे एकदा काय ते."

पाठ हलली नाही. तेवढ्यात भाईदास डोक्यावर ओल्या मातीची पाटी घेऊन वर आले, आणि उखर्डूनं गाडीवरूनच विचारलं, "मालक, आज दोन जन शेत का?"

यशोदाबाईंनी एका चिखलाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. भाईदासांनी पाटी खाली ठेवली, हात जोडले आणि आबा चुकलो, मी उखर्डू नाही, असं काहीतरी पुटपुटले.

"माले ठाऊक शे," आबा ओठ न हलवता म्हणाले, लेप जपायचा होता. "सालदार मालकनी पोरनं कवतिक करी. पन रडस नही. रडस तो बाप ऱ्हास."

"मग मोटर धरायला का उठलात?" भाईदासांना विचारल्यावाचून राहवेना.

"पोरसाठे बाप सोतानी किती नालस्ती करस, ते देखनं व्हतं." मग त्यांनी मान न वळवता सगळं अंगच हळूहळू यशोदाबाईंकडे फिरवलं. "आनी तुम्ही नका बसू मातीमा, याहीनबाई. पोरजोडे कोनी तरी पाहिजे. तिले सांगा, लेप वाळना का सासरा येस."

याहीनबाई म्हणजे विहीणबाई. यशोदाबाईंनी डोक्यावरचा पदर चटकन पुढे ओढला. पाठ कुणाकडे करायची तेही समजेना, म्हणून त्या कडुनिंबाच्या खोडाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. डोळे पुसले.

मग त्या खोडालाच उद्देशून हळू म्हणाल्या, "उखर्डू, पाहुण्यांच्या पाठीला खाली माती लागलीच नाही. यांना म्हणावं, नीट लावा."